अनटच्ड

दोस्तहो, 'अनटच्ड' हा इंग्रजी शब्द तुम्ही ऐकला असेल, नसेल. त्याचा सख्खा भाऊ 'अनटचेबल' मात्र आपल्या बापजाद्यांच्या अंगावर चामडीसारखा चिकटवलेला होता. एक भाऊ गावकुसाबाहेर राहिला. दुसरा जिनिव्हाच्या लिलावात जाऊन मोठा साहेब झाला. आज ह्या साहेबाची जरा हजेरी घ्यायची आहे.

जुनी हातघड्याळं जमवणाऱ्या लोकांची एक जमात आहे. कलेक्टर म्हणतात त्यांना. (आपल्याला ठाऊक असलेला कलेक्टर म्हणजे मोर्चा ज्याच्या फाटकाशी अडतो तो. हा वेगळा.) त्यातले जे वरच्या पायरीवरचे, ते गोल घड्याळाकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांना पाहिजे चौकोनी, लांबट, सोन्याचं, साठ-सत्तर-शंभर वर्षांपूर्वीचं आणि ज्याच्यासारखी जगात बोटावर मोजण्याइतकीच उरलीत असं. पॅरिसच्या कार्तिएचं 'टँक', नाहीतर स्वित्झर्लंडच्या लकूल्त्रचं 'रिव्हर्सो'.

असं घड्याळ विकायला निघालं की त्याची तारीफ कशी करतात ते ऐका. सगळ्यात मोठी तारीफ म्हणजे 'अनटच्ड'. कधी पॉलिश केलं नाही, तबकडी रंगवली नाही, काटे बदलले नाहीत, कुठल्या घड्याळजीचा हात लागला नाही. हात लागला की भाव उतरला. म्हणजे बाटलं. 'बाटलं' हा शब्द ते वापरत नाहीत एवढंच, बाकी व्यवहार तोच. दुसरी तारीफ 'प्रॉव्हेनन्स'. मराठीत सांगायचं तर कुळी. आधी कुणाच्या मनगटावर होतं? राजाच्या, सरदाराच्या, नटीच्या? तर घ्या वाढवून. कारकुनाच्या मनगटावर होतं? तर मग नुसतं जुनं घड्याळ. आणि तिसरा शब्द तर असा आहे की ऐकून मी हसूच लागलो. उन्हाने आणि दमट हवेने काळ्या तबकडीचा रंग उतरून ती तपकिरी झाली, तर त्याला हे लोक 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि जास्ती पैसे मोजतात. उन्हात रापलेल्या तबकडीला जास्ती पैसे! आमचा अख्खा बाप उन्हात रापला, त्याला कुणी चार आणे वाढवून दिले नाहीत.

स्पर्श, शुद्धता, कुळी. ही तीन अक्षरं कुठल्या पोथीतली आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. ती पोथी १९२७ सालच्या २५ डिसेंबरला महाडला जाळली. राख उडून कुठे कुठे जाऊन पडली आणि कुठे कुठे पुन्हा उगवली, ते बघत राहिलं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, गोदीत कॉइला उचलणाऱ्या माणसाला हे सोन्याच्या घड्याळांचं शास्त्र कुणी शिकवलं? सांगतो.

मी राहतो सफाळ्याला. वैतरणा आणि केळवे रोडच्या मधलं स्टेशन. पूर्वेला तांदूळवाडीचा किल्ला, पश्चिमेला एडवण-दातिवऱ्याकडे जाणारा रस्ता. आमच्या बायका पहाटे भाजीच्या पाट्या घेऊन गाडीत चढतात आणि बाकीच्यांना मुंबईला कामावर जायचं असतं. २०१३ च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणूपर्यंत सुरू झाली तेव्हापासून मुंबईच्या लोकांनाही आमच्या गावाचा रस्ता सापडला. झाडी बघून बंगले बांधले. शनिवारी येतात, रविवारी रात्री जातात. माझी आई अशा एका बंगल्यावर कामाला जाते. बंगल्यातली भांडी ती घासते, संडास ती धुते, चादरी ती झटकते, मासळी ती साफ करते. तिच्या हाताचं सगळं चालतं. फक्त आतल्या कपाटातली एक पेटी आहे, लाकडाची, आतून मखमल लावलेली. तिला हात लावायचा नाही. पेटीत सात घड्याळं. सातही सोन्याची, चौकोनी आणि सातही बंद.

आईने मला विचारलं, "बाळा, बंद घड्याळाची एवढी राखण कशाला?"

एका रविवारी गॅसचा सिलिंडर पोचवायला गेलो तेव्हा मी तोच प्रश्न साहेबाला विचारला. त्याला आनंदच झाला. हौशी माणसाला ऐकणारा पाहिजे असतो. पेटी उघडून त्याने तासभर मला सगळं समजावून सांगितलं. हे अनटच्ड, हे ट्रॉपिकल, ह्याची कुळी अमुक. चावी का देत नाही? तर मशीन झिजतं. घालत का नाही? तर सोन्याला ओरखडा पडतो. माणूस वाईट नाही हो. चहा दिला, कपही वेगळा नव्हता. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. त्या पेटीशी आहे, आणि पेटीबरोबर विकल्या जाणाऱ्या त्या तीन शब्दांशी आहे.

कारण वेळ हा आपला जुना वैरी आहे. पेशव्यांच्या पुण्यातला कायदा आठवा. महार-मांगांनी सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर शहराच्या वेशीच्या आत दिसायचं नाही. का? त्या वेळी सावली लांब पडते, आणि लांब सावली एखाद्या भटावर पडली तर तो बाटतो. गळ्यातल्या मडक्याची आणि कमरेच्या झाडूची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण ह्या नऊ आणि तीनकडे कुणी नीट बघत नाही. अरे, त्या शहराने आपल्या माणसाचं घड्याळ केलं होतं! आपण उभे राहायचं, सूर्याने आपली सावली जमिनीवर पाडायची, आणि सावलीच्या लांबीवरून ठरायचं की आपण आत की बाहेर. तबकडी आपली, काटा आपला, वेळ त्यांची. स्विस कारागिराने डोकं फोडलं असतं तरी असलं यंत्र त्याला सुचलं नसतं. चावी द्यायला नको, तेल घालायला नको. आणि कसलं 'ट्रॉपिकल'!

इंग्रज आला. त्याने सावली काढून घेतली आणि भोंगा दिला. गिरणीत घड्याळ मालकाच्या भिंतीवर. मजुराला ते वाचता येत नव्हतं आणि येऊ द्यायचंही नव्हतं. ज्योतिबांच्या सत्यशोधकीत तयार झालेल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी मिल हँड्स असोसिएशन काढून किती वर्षं डोकं आपटलं, तेव्हा १८९० च्या जूनमध्ये मजुराला रविवारची सुट्टी मिळाली. पुढे १९०६ च्या जानेवारीत सरकारने ठरवलं की मुंबईचं घड्याळ एकोणचाळीस मिनिटं पुढे करायचं, सगळ्या देशाचं एकच टायम. गिरणीतले हजारो कामगार रस्त्यावर उतरले. शिकलेल्या लोकांनी त्याच्यावर स्वाभिमानाचे लेख लिहिले, आणि महापालिकेने जुना मुंबई टायम पुढे कितीतरी वर्षं छातीशी धरून ठेवला. कामगाराचा प्रश्न साधा होता. सूर्य तिथेच आहे, माझी झोप एकोणचाळीस मिनिटांनी कुणी कापली?

आज माझी झोप सफाळ्याची गाडी कापते. ती चुकली की पुढची कधी, ते स्टेशनमास्तरलाच माहीत. मी घाटावर उशिरा पोचलो तर ठेकेदाराचा मुकादम अर्धी पाळी मारतो. पाच मिनिटांची किंमत अर्धी पाळी. तो खरा घड्याळजी! आणि गंमत अशी की ज्या कामात मिनिट मिनिट मोजलं जातं त्या कामात मनगटावर घड्याळ चालत नाही. स्लिंगच्या तारेत पट्टा अडकला तर घड्याळाबरोबर मनगट जातं. म्हणून आमच्या टोळीतले सगळे घड्याळ खिशात ठेवतात, नाहीतर ठेवतच नाहीत.

आता त्या चौकोनी सोन्याच्या कुळीकडे येऊ. एवढी कुळी-कुळी करतात तर कुळी काढूच.

कार्तिएचं 'टँक' १९१७ सालचं. पहिलं महायुद्ध चालू होतं. लुई कार्तिएने रेनो कंपनीचा रणगाडा वरून कसा दिसेल त्यावर हा आकार बेतला, असं कंपनीच सांगते. दोन बाजूच्या दांड्या म्हणजे रणगाड्याचे पट्टे, मधला चौकोन म्हणजे माणसं बसायची जागा. पहिल्यांपैकी एक अमेरिकेच्या जनरल पर्शिंगला भेट दिलं आणि १९१९ ला दुकानात विकायला ठेवलं. खंदकात लाखो पोरं चिखलात कुजत होती, आणि त्यांच्यावरून गेलेल्या यंत्राचा नाजूक सोन्याचा दागिना झाला. ही झाली पहिली कुळी.

'रिव्हर्सो' तर आपल्याच मातीतलं. १९३१ सालचं. हिंदुस्थानात पोलो खेळणारे गोरे लष्करी अफसर तक्रार करायचे की घोड्यावरून खेळताना काठी नाहीतर चेंडू लागून घड्याळाची काच फुटते. म्हणून स्वित्झर्लंड-पॅरिसच्या लोकांनी असं चौकोनी घड्याळ काढलं की जे आपल्या चौकटीत सरकून पालथं होतं. खेळ सुरू झाला की तोंड आत, पाठ बाहेर. पुढे आपल्या महाराजांनी त्या पाठीवर मीनाकारीत तसबिरी काढून घेतल्या. १९३१! कॅलेंडर बघा. नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह चालू होता, बाबासाहेब दुसऱ्या गोलमेज परिषदेला लंडनला गेले होते. आणि तिकडे यंत्रशास्त्राची सगळी अक्कल कशात चालली होती? तर साहेबाच्या करमणुकीत काच फुटू नये ह्यात. घोडा धरून उन्हात उभ्या राहिलेल्या मोतद्दाराच्या डोक्याला चेंडू लागला तर त्याच्यासाठी कुणी पेटंट घेतल्याचं मी ऐकलं नाही. वेळ आली की तोंड फिरवायचं ही तर आमच्या गावाची जुनी विद्या, त्याला स्वित्झर्लंडला कशाला जायचं!

आणि आता सगळ्यात नामांकित. अमेरिकेच्या केनेडीच्या बायकोचं, जॅकलिनचं, सोन्याचं टँक. २०१७ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ते ३,७९,५०० डॉलरला गेलं. तेव्हाच्या भावाने साधारण अडीच कोटी रुपये. मला दिवसाला सहाशे मिळतात. एकही खाडा न करता, न खाता-पिता मी एकशे अकरा वर्षं काम केलं तर ते घड्याळ माझं. त्याच्या पाठीवर काय कोरलंय माहीत आहे? १९६३ च्या २३ फेब्रुवारीची तारीख, आणि पहाटे दोन वाजून पाच मिनिटांपासून रात्री नऊ पस्तीसपर्यंतची वेळ. तिच्या बहिणीच्या नवऱ्याने त्या दिवशी हौस म्हणून पन्नास मैल चालून दाखवलं. तेव्हा अमेरिकेत ती फॅशन होती. तो पराक्रम सोन्यावर कोरून त्याने मेव्हणीला घड्याळ दिलं.

पन्नास मैल. २०२० च्या मे महिन्यात जालन्याहून मजूर रेल्वेच्या रुळांवरून चालत निघाले. लॉकडाऊनमध्ये काम बंद, गाडी बंद, खिसा रिकामा. भुसावळला गाडी मिळेल म्हणून निघाले होते. रात्रभर चालून दमले आणि औरंगाबादजवळ करमाडपाशी रुळावरच आडवे झाले. ८ मेच्या पहाटे मालगाडी त्यांच्यावरून गेली. सोळा मेले. रुळांवर भाकऱ्या पडलेल्या फोटोत सगळ्यांनी पाहिल्या. ते किती वाजता निघाले, किती वाजता झोपले, ते कुठल्या सोन्याच्या पाठीवर कोरलेलं आहे? चालण्यालाही कुळी लागते, भावांनो.

बरं, घड्याळ राहू द्या. नुसतं सोनं घेऊ. सोन्याला 'प्रॉव्हेनन्स' विचारला तर ते मुकं होतं, कारण वितळलेल्या सोन्याला गाव राहत नाही. पण आपल्या देशात एक गाव असं होतं. कोलार. १८८० पासून जॉन टेलर नावाच्या इंग्रज कंपनीने तिथे खाणी चालवल्या, चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेली, आणि सोनं लंडनला गेलं. खाली उतरणारे मजूर बहुतेक तमिळ मुलखातले दलित. दगडाची धूळ छातीत भरून मरणारे, खडक फुटून गाडले जाणारे. कंपनीला ह्यांच्यावर चोरीचा एवढा संशय की १९३० मध्ये सगळ्यांच्या बोटांचे ठसे घ्यायला निघाली, आणि मजुरांनी संप करून खाणी बंद पाडल्या. हेच लोक पंडित अयोतीदासांच्या मागे जाऊन विसाव्या शतकाच्या सुरवातीलाच मारिकुप्पमला बौद्ध झाले. आपल्या दीक्षेच्या कितीतरी आधी. २००१ ला खाणी बंद झाल्या. सोनं संपत आलं, खर्च परवडेना. ज्यांच्या छातीत धूळ राहिली त्यांच्या क्वार्टर तशाच उभ्या राहिल्या. त्या मजुरांचे ठसे कुठे, आणि 'अनटच्ड' सोनं कुठे! ज्या सोन्याला तीन किलोमीटर खाली पहिला हात आपला लागला, ते अनटच्ड?

आणि गोदीची गोष्ट तर मी गोदीतच ऐकली. १४ एप्रिल १९४४. तारीख पुन्हा वाचा. बाबासाहेबांचा जन्मदिवस. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज लागलं होतं. पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा, त्याच्याच जवळ कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या विटा. कापसाने पेट घेतला. दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले आणि मांडवी-मशीद बंदराचा भाग उडाला. सोन्याच्या विटा हवेतून जाऊन लोकांच्या छपरांतून आत पडल्या. आता हिशेब बघा. सोन्याच्या विटा किती? एकशे चोवीस. एकेक साडेबारा किलोच्या वर. पेट्या एकतीस, एका पेटीत चार. पुढे गाळ उपसताना कितीतरी वर्षांनी वीट सापडली तरी तिची नोंद झाली, ती सरकारजमा झाली. आणि माणसं किती मेली? 'आठशे ते तेराशे.' आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान तेवढे मोजलेले आहेत, कारण ते पगारपत्रकावर होते. बाकी पाचशे माणसांचा फरक कुणाला सापडला नाही. गोदीतला हमाल तेव्हा टोळीवाल्याच्या बोटावर भरती व्हायचा. सकाळी फाटकाशी उभं राहायचं, टोळीवाला दाखवेल तो आत. कागद नाही, नाव नाही. गोदी कामगारांचा कायदा आला १९४८ मध्ये, स्फोटानंतर चार वर्षांनी. म्हणून सोन्याचा आकडा आहे आणि आपला अंदाज आहे. (ज्या गोद्यांत हे झालं त्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया आता भरून टाकल्यात. वाढवणला नवं बंदर होतंय, शहात्तर हजार कोटींचं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. तिथे किती माणसं लागतील ते विचारायला आमच्याकडून कुणी गेलं की हसतात.)

त्याच गोदीत १९४४ च्याच सुमारास हमालीला लागलेला मस्तान मिर्झा पुढे हाजी मस्तान झाला. बाहेरची घड्याळं आणि सोनं ह्यावर भारी जकात, पुढे १९६३ ला सोनं नियंत्रण आलं, आणि दमणपासून मुंबईपर्यंतच्या किनाऱ्यावर रात्री होड्या लागायला लागल्या. मुंबईच्या श्रीमंतांच्या पेट्यांतली कितीतरी 'कुळवंत' घड्याळं त्या चिखलातून आलेली असणार. तो 'प्रॉव्हेनन्स' कुणी लिहीत नाही. कुळी नेहमी मधलं पान फाडून लिहितात. मस्तानला देव करायची मला गरज नाही, ऐंशीच्या दशकात तो दलित-मुस्लिम एकीच्या व्यासपीठावर चढला तेव्हाही कितीतरी जणांनी कपाळाला हात लावला होता. पण 'दीवार'मधला गोदी कामगार सगळ्यांना आवडतो, त्याचा ७८६ नंबरचा बिल्ला सगळ्यांना आठवतो. खऱ्या बिल्ल्यांचं काय झालं ते पुढे बोलू.

आतापर्यंत परक्यांना शिव्या घातल्या. सोपं असतं ते. आता आपल्या घरात या.

बोईसरला एमआयडीसीत सुपरवायझर झालेला आपलाच एक दोस्त आहे. नाव घेत नाही, वाचेल तेव्हा त्याला कळेल. शिबिरात पुढच्या रांगेत बसायचा. त्याने बायकोच्या दोन पाटल्या गहाण टाकून जुनं सोन्याचं चौकोनी घड्याळ घेतलं. मला दाखवायला सफाळ्याला आला. रुमालात गुंडाळलेलं.

मी म्हटलं, "घाल की हातात."

तर म्हणे, "वेडा आहेस का, व्हॅल्यू जाईल. पीस अनटच्ड आहे."

मग आमचं जुंपलं. त्याचं म्हणणं असं की शंभर पिढ्या ज्यांनी सोनं घातलं त्यांनी आता आम्हाला साधेपणा शिकवू नये. ते जमवतात तर आपणही जमवायचं, हीच समता. तू कवी आहेस, तुला इन्व्हेस्टमेंट कळत नाही.

त्याचं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि मी ते माझ्या रक्ताने लिहून देतो. गरिबीचे गोडवे गाणारा माणूस दिसला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. चरख्याचं तत्त्वज्ञान आम्हाला नको. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त इंदूरकडच्या बलाई लोकांची हकिगत दिली आहे. सवर्णांनी १९२८ मध्ये त्यांच्यासाठी नियम काढले. जरीकाठाची पगडी बांधायची नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. आणि महाडला १९२७ मध्ये बाबासाहेब आपल्या आज्या-पणज्यांना काय म्हणाले? हातापायांतलं ते कथलाचं-चांदीचं ओझं काढून टाका, त्यावरून तुमची जात ओळखतात. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका. म्हणून सांगतो, सोनं घाला. बिनधास्त घाला. मुहम्मद अली टँक घालायचा. ज्या हाताने व्हिएतनामला जायला नकार दिला त्याच हातात घालायचा. काळ्या मनगटावर, घामासकट. त्याचं मला कौतुक आहे.

पण हा आपला दोस्त घालतो कुठे? हा रुमालात ठेवतो. बाबासाहेबांनी घालायला सांगितलेलं सोनं ह्याने बायकोच्या हातातून काढलं आणि स्वतःच्याही हातात घातलं नाही. शंभर पिढ्या सोन्याला हात लावायची बंदी होती, ह्याने पैसे देऊन ती बंदी विकत घेतली! आणि व्हॅल्यू कशाची जाईल? तर ह्याचा हात लागला तर. स्वतःच्या हाताने वस्तू बाटते हे ह्याने कबूल करून टाकलं. हे कबूल करायला लावायला पूर्वी गावाला लाठ्या काढाव्या लागायच्या. आता एक इंग्रजी शब्द पुरतो. वॉरहॉल नावाचा अमेरिकन चित्रकार सांगायचा म्हणे की आपण टँकला चावीच देत नाही, वेळ बघायला नाहीच ते. त्याला परवडतं. ज्याची पाळी कुणी मारत नाही त्याला बंद घड्याळ शोभतं. बोईसरच्या कारखान्यात ज्याच्या खाली चाळीस पोरं पंचिंग मशीनपुढे रांगेत उभी असतात त्याने बंद घड्याळावर जीव लावावा? आणि पाटल्यांचं व्याज चालू आहे, त्याला कुणी बंद करत नाही.

इन्व्हेस्टमेंटचं म्हणशील तर सोनं सोनाराकडे वजनावर जातं, त्याला कुळी विचारत नाहीत. घड्याळाचा वरचा भाव कुळीचा आहे, आणि तो भाव ठरवणाऱ्यांच्या पंगतीत तुला पाट मांडलेला नाही. तू विकायला जाशील तेव्हा पहिला प्रश्न हाच असणार, तुझ्याकडे हे आलं कुठून? राजाला हा प्रश्न विचारत नाहीत. आपल्याला पोलीसही तोच विचारतात.

माझं मन ज्याच्यावर बसलं आहे ते घड्याळ वेगळं आहे. चोरबाजारात, मटण स्ट्रीटच्या आसपास, फुटपाथवर मिळतं. मेलेल्या एचएमटीचं मशीन, दुसऱ्याच कुणाची डबी, आणि तबकडी हाताने पुन्हा रंगवलेली. लाल, हिरवी, पिवळी, कशीही. कलेक्टर लोक नाक मुरडून त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. म्हणजे बाटगं, संकराचं. अरे, पण चालतं ना! एका बोळात बसून, डोळ्याला भिंग लावून, कुणीतरी तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत केलं. सरकारचा बेंगळूरचा एचएमटी कारखाना, १९६१ सालचा, २०१६ ला बंद झाला, आणि बंद झाल्याबरोबर साध्या 'जनता' घड्याळालाही हे लोक अस्सल-नकली करत फिरायला लागले. जनतेचं घड्याळ, त्यातही सोवळं-ओवळं! खोटं सांगून महाग विकणाऱ्या दलालाची बाजू मी घेत नाही, त्याला बडवा. पण जोडून चालू करणाऱ्या हाताला बाटगं म्हणाल तर आपलं पटणार नाही. आपण सगळे मुंबई स्पेशलच आहोत. एका गावचं मशीन, दुसऱ्या गावची डबी, आणि तबकडी आपण स्वतः रंगवलेली. १९५६ ला रंगवली.

आता बिल्ल्यांचं. गोदी कामगार बोर्ड नव्वदच्या दशकात पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, गिरण्या त्याच्या आधीच उजाड झाल्या होत्या. आपल्या म्हाताऱ्यांच्या ट्रंकांमध्ये पितळेचे बिल्ले आहेत, हजेरीची कार्डं आहेत, गाठी ओढायचे लोखंडी आकडे आहेत, भंगारवाला किलोवर नेतो. पंधरा-वीस वर्षांनी हीच माणसं ते बिल्ले मखमलीवर ठेवतील आणि 'अनटच्ड' म्हणून विकतील, लिहून ठेवा. त्याच्या आत एक काम करायचं आहे. सफाळे, पालघर, बोईसर, विरार, शिवडी, वडाळा, जिथे जिथे हा अंक जातो तिथल्या पोरांनी घरातल्या म्हाताऱ्याला बसवून विचारायचं. बिल्ल्याचा नंबर काय, टोळी कुठली, टोळीवाला कोण होता, भोंगा किती वाजता व्हायचा, उशीर झाला तर किती कापायचे, १९४४ च्या स्फोटात घरचं कोण गेलं. आठशे आणि तेराशेच्या मधली जी पाचशे माणसं कुणाला सापडली नाहीत, त्यातली दोन-चार नावं आपल्याच कुणाच्या घरात असू शकतात. वहीच्या कागदावर उतरवून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. बिल्ला पाठवू नका, तो घरीच राहू द्या, पोरांना हाताळू द्या. शुद्धलेखन बघत बसू नका. आणि म्हातारा दमला तर उरलेलं दुसऱ्या दिवशी विचारा, पुढच्या अंकाला अजून दोन महिने आहेत.